प्रभुभोजन आणि शेवटचा काळ: पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडे बायबल वर्गात प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याचा विधी, एका दिवशी शिकवतात आणि शेवटचा काळ दुसऱ्या दिवशी. पहिला विषय वेदीपाशी समजावला जातो. दुसरा प्रवचनांतून आणि मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंतून कानांवर पडतो, बहुतेकदा भीती घेऊन. पहिल्या चार शतकांतल्या ख्रिस्ती लोकांना ही वाटणी समजलीच नसती. येणाऱ्या राज्याची वाट कशी पाहायची हे ते जेवायला बसल्यावर शिकत होते. खालची उत्तरं मुख्यतः त्या काळापुरती आहेत. कॅथलिक वाचकांनी 'प्रभुभोजन' या जागी मिस्सा किंवा कम्युनियन वाचायला हरकत नाही.

प्रभुभोजन ही तर शेवटच्या रात्रीची आठवण. त्यात युगाच्या अंताचा संबंध कुठून आला?

त्याच रात्रीतून. मार्कच्या शुभवर्तमानात (14:25) प्याला सर्वांना दिल्यावर येशू सांगतो की, देवाच्या राज्यात नवा द्राक्षारस घेईन त्या दिवसापर्यंत मी तो पुन्हा पिणार नाही. लूकमध्ये (22:16-18) असं वचन दोनदा येतं, एकदा वल्हांडण या यहुदी सणाच्या भोजनाबद्दल आणि एकदा प्याल्याबद्दल. ज्या जेवणाला आपण 'शेवटचं' म्हणतो, त्याच्या मधोमध पुढच्या जेवणाचा शब्द दिलेला आहे. दुसऱ्या दिवशी मरणाला सामोरा जाणारा येशू आपल्या माणसांना सांगतोय की, ही पंगत पुन्हा बसेल.

पौलाने 53 ते 55 च्या सुमारास इफिसहून करिंथच्या मंडळीला पत्र लिहिलं. प्रभुभोजनाचं आपल्या हाती असलेलं हे सर्वांत जुनं लेखी वर्णन आहे, शुभवर्तमानांच्याही आधीचं. त्यात (11:26) तो म्हणतो की, ही भाकर खाता आणि हा प्याला पिता तितक्या वेळा तुम्ही प्रभूच्या मरणाची घोषणा करता, तो येईपर्यंत. आपलं लक्ष बहुतेक वेळा मरणापाशी थांबतं. पौलाचं लक्ष येण्यावरही आहे. झालेली गोष्ट आणि व्हायची गोष्ट त्याने एकाच घासाला बांधली आहे.

मेजवानीची ही कल्पना येशूच्या आधीपासून होती का?

होती, आणि चांगली रुजलेली होती. यशया संदेष्टा (25:6-8) म्हणतो की, परमेश्वर आपल्या डोंगरावर सगळ्या राष्ट्रांना मेजवानी देईल, उत्तम पक्वान्नं आणि गाळलेला जुना द्राक्षारस वाढेल, मृत्यूला कायमचा गिळून टाकेल आणि सगळ्यांच्या डोळ्यांतले अश्रू पुसेल. वाढणं आणि मरणाचा नाश तिथे लागोपाठ येतात. हे वाचल्यावर ख्रिस्ती लोकांनी भाकरीचा संबंध पुनरुत्थानाशी का जोडला याचं नवल वाटत नाही.

मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहांत ज्या गुंडाळ्या सापडल्या, त्यांतल्या एका नियमावलीत 'शेवटच्या दिवसांतल्या' मंडळीच्या भोजनाची पद्धत सांगितली आहे. भाकरीला आधी याजकाने हात लावायचा, मग इस्राएलच्या मसीहाने, मग बाकीच्यांनी आपापल्या मानाप्रमाणे. येशूच्या तोंडचं वाक्य याशेजारी ठेवून पाहा (मत्तय 8:11): पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून पुष्कळ लोक येतील आणि अब्राहामाच्या पंक्तीला बसतील. मेजवानी दोन्हीकडे आहे. येशू मात्र जे निमंत्रितांच्या यादीतच नव्हते त्यांना आत घेतो.

'मारानाथा' म्हणजे काय? ते भोजनात का म्हणत?

'आमच्या प्रभू, ये' अशी ही अरामी प्रार्थना आहे. पौल ग्रीकमध्ये लिहिताना ती तशीच ठेवतो (1 करिंथ 16:22). म्हणजे ग्रीक बोलणाऱ्या मंडळीलाही ती तोंडपाठ असणार. प्रकटीकरणाच्या शेवटी तीच हाक ग्रीकमध्ये येते: 'ये, प्रभू येशू.' डिडाखे या जुन्या ग्रंथात ती जेवणानंतरच्या प्रार्थनेच्या अखेरीस आहे. प्रभू भोजनाला आमच्यामध्ये येवो आणि युगाच्या शेवटी येवो, हे दोन्ही अर्थ त्या एका हाकेत होते. कोणता अर्थ खरा, असं विचारलं असतं तर त्यांना प्रश्नच चुकीचा वाटला असता.

डिडाखे हा काय ग्रंथ आहे? बायबलमध्ये तर नाही.

बायबलमध्ये नाही, पण त्याच्या फार जवळचा आहे. 'बारा प्रेषितांची शिकवण' असं त्याचं नाव. बहुतेक अभ्यासक त्याला पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीस ठेवतात. शतकानुशतकं लोकांना तो नावानेच माहीत होता. 1873 मध्ये फिलोथिओस ब्रायेनिओस या ग्रीक बिशपला कॉन्स्टँटिनोपलमध्ये 1056 साली नकललेलं एक हस्तलिखित सापडलं, त्यात हा ग्रंथ होता. 1883 मध्ये तो छापून आला आणि पहिल्या मंडळ्यांच्या अभ्यासाची दिशाच बदलली. आकाराने इतका लहान आहे की, एका बैठकीत सहज वाचून होतो.

त्याचा नववा आणि दहावा अध्याय मी पुन्हा पुन्हा वाचतो. तिथे आधी प्याल्यावर आभार मानले आहेत, मग भाकरीवर. 'हे माझं शरीर' हे शब्द नाहीत. वधस्तंभाचा उल्लेखही नाही. भाकर हातात घेऊन मंडळी म्हणते: ही मोडलेली भाकर जशी डोंगरांवर विखुरलेली होती आणि गोळा होऊन एक झाली, तशी तुझी मंडळी पृथ्वीच्या टोकांपासून तुझ्या राज्यात गोळा होवो.

या प्रार्थनेत केवढं मावलंय! डोंगरउतारावर पेरलेले दाणे, कापणी, दळण, एक भाकर. आणि त्यातून थेट जगाच्या शेवटापर्यंत. राज्य म्हणजे विखुरलेल्यांचं एकत्र येणं, ही समजूत इथे भाकरीच्या घडण्यातूनच आलेली आहे. (शेतं डोंगरावर असल्यामुळे ही प्रार्थना सपाट नाईलकाठच्या इजिप्तमध्ये नव्हे, तर सीरिया-पॅलेस्टाईनकडे रचली गेली असावी, असं अनेक अभ्यासक मानतात. मला हा तर्क पटतो.)

पोटभर जेवण झाल्यावर दहाव्या अध्यायातली प्रार्थना येते, आणि तिचा शेवट असा होतो: कृपा येवो आणि हे जग सरो. दाविदाच्या देवाला होसान्ना. जो पवित्र असेल त्याने यावं, जो नसेल त्याने पश्चात्ताप करावा. मारानाथा. आमेन.

हे जग सरो! जेवून उठताना केलेली ही प्रार्थना आहे. हे लोक जगाला कंटाळलेले वाटत नाहीत. थोड्याच ओळी आधी त्यांनी देवाने माणसांना अन्नपाणी उपभोगायला दिलं म्हणून त्याचे आभार मानले आहेत. अन्नाबद्दल कृतज्ञ असलेली माणसंच जग बदलण्याची प्रार्थना करत आहेत, हे विसरलं तर डिडाखे उदास ग्रंथ वाटू लागतो. तो तसा नाही.

सोळाव्या, शेवटच्या अध्यायात युगाच्या अंताची चिन्हं आहेत: खोटे संदेष्टे, देवाच्या पुत्राचं सोंग घेऊन जगाला फसवणारा, आकाशात उघडणारं चिन्ह, कर्ण्याचा आवाज, मृतांचं उठणं. ढगांवर येणाऱ्या प्रभूपाशी हस्तलिखित थांबतं. नकलनवीसाने पुढे जागा कोरी सोडली आहे. मूळ ग्रंथ आणखी थोडा पुढे जात असावा.

हे खरंच पूर्ण जेवण होतं, की आजच्यासारखा एक घास?

सुरुवातीला पूर्ण जेवण. डिडाखे 'तृप्त झाल्यावर' प्रार्थना करायला सांगतो. 112 च्या सुमारास बिथुनिया प्रांताचा रोमन सुभेदार प्लिनी सम्राट ट्राजानला कळवतो की, हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात आणि नंतर पुन्हा जमून साधं, निरुपद्रवी अन्न खातात. ख्रिस्ती तत्त्वज्ञ जस्टिनने 155 च्या सुमारास रोममधल्या रविवारच्या उपासनेचं वर्णन केलं आहे, तोवर भाकर-प्याल्याचा विधी मोठ्या जेवणापासून सुटा झालेला दिसतो. 'अगापे' नावाचं प्रीतिभोजन मात्र पुढेही चालू राहिलं.

करिंथमध्ये नेमकं काय बिघडलं होतं?

पंक्तिभेद. हा प्रश्न मला सगळ्यांत जवळचा आहे, म्हणून थोडं सविस्तर.

करिंथची मंडळी कुणा सुखवस्तू माणसाच्या घरी जमायची. ज्यांना दिवसभर राबावं लागत नव्हतं ते लवकर येत आणि आपलं आणलेलं खायला सुरुवात करत. दास आणि मजूर काम आटोपून पोचेपर्यंत अन्न संपलेलं असायचं. एक उपाशी राहतो आणि दुसरा पिऊन झिंगलेला असतो, असं पौल लिहितो (11:21). रोमन घराच्या जेवणघरात नऊ-दहा माणसांनी कलंडून जेवायची सोय असे. उरलेले अंगणात. यजमानाचे बरोबरीचे आत आणि बाकीचे बाहेर अशी विभागणी करिंथमध्ये झाली असणार, अशी मांडणी काही अभ्यासकांनी केली आहे.

पौलाचा राग इथे लपत नाही. तुम्ही जे खाता ते प्रभूचं भोजन नव्हेच, असं तो सरळ सांगतो. मग म्हणतो, शरीर न ओळखता जो खातो-पितो तो स्वतःवर न्याय ओढवून घेतो. कितीतरी लोक या इशाऱ्याला घाबरून भाकर घेणं टाळतात, आपण योग्य नाही म्हणून. मी अशा आज्यांना भेटलोय ज्यांनी वर्षानुवर्षं प्याल्याला ओठ लावले नाहीत. पण संदर्भ वाचा. 'शरीर' म्हणजे इथे ती मंडळीसुद्धा आहे, बाहेर उपाशी उभी असलेली. पौलाचा निर्वाळा एका ओळीचा आहे (11:33): जेवायला जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा.

शेवटचा न्याय इथे फार दूरची गोष्ट राहत नाही. जगाबरोबर आपल्याला दोषी ठरवलं जाऊ नये म्हणून प्रभू आत्ताच आपल्याला वळण लावतोय, असं पौल म्हणतो (11:32). शेजारच्याला वाढलं की नाही, इथपासून निवाडा सुरू होतो. प्रभूची वाट पाहणारी मंडळी उशिरा येणाऱ्या मजुराची वाट पाहते का, हाच करिंथचा प्रश्न होता. आपल्या देशातही तो सुटलेला नव्हता. तमिळ मंडळ्यांत प्रभुभोजनालाही जातिभेद पाळला जात असे. 1833 मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी तो बंद करण्याचा हुकूम काढला, तेव्हा बरेच लोक मंडळी सोडून गेले.

भाकर आणि द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचं शरीर-रक्त आहे असं ते मानत होते का?

बहुतेकांची भाषा तशीच आहे, फक्त 'कसं' याची चर्चा ते फारशी करत नाहीत. ती नंतरच्या शतकांतली. त्यांना महत्त्वाचं होतं ते हे की, या अन्नाचा मरणाशी सामना आहे. मुळात योहानाचं शुभवर्तमान (6:54) तसं सांगतं: जो माझा देह खातो आणि माझं रक्त पितो त्याला मी शेवटल्या दिवशी उठवीन.

अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला शिक्षा भोगायला रोमकडे नेला जात होता. वाटेत इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात तो या भाकरीला अमरत्वाचं औषध आणि मरणावरचा उतारा म्हणतो. स्वतः श्वापदांपुढे टाकला जाणार हे ठाऊक असलेल्या माणसाचे हे शब्द आहेत.

लिऑनचा बिशप आयरेनियस 180 च्या सुमारास हा विचार सर्वांत नीट मांडतो. त्याच्यासमोर असे शिक्षक होते जे देहाला तुच्छ मानत, तारण फक्त आत्म्याचं असं सांगत. तो त्यांना विचारतो की, मातीतून आलेल्या भाकरीवर देवाचं नाव घेतलं की ती साधी भाकर राहत नाही, तर ती भाकर खाल्लेला देह कुजून संपेल असं तुम्ही कसं म्हणता? गव्हाचा दाणा जमिनीत पडतो, विरतो आणि वाढून वर येतो, तसे आपले देह मातीत जातील आणि नेमलेल्या वेळी उठतील. पृथ्वीचं पीक, मनुष्याचा देह आणि शेवटला दिवस, तिन्ही त्याने एका सूत्रात ओवले आहेत.

हजार वर्षांचं राज्य सगळेच मानत होते का?

नाही. ख्रिस्त परत येऊन पृथ्वीवर हजार वर्षं राज्य करील, असं काही जण मानत, काही मानत नसत. हिएरापोलिसचा बिशप पापियास याने प्रभूच्या तोंडचं म्हणून सांगितलेलं एक वचन आयरेनियसने जपून ठेवलंय. येणाऱ्या दिवसांत प्रत्येक द्राक्षवेलाला 10,000 फांद्या, प्रत्येक फांदीला 10,000 डहाळ्या, प्रत्येक डहाळीला 10,000 फुटवे, प्रत्येक फुटव्याला 10,000 घड, प्रत्येक घडाला 10,000 द्राक्षं, आणि एका द्राक्षातून 25 मेट्रेटी, म्हणजे आपल्या हिशेबाने हजारेक लिटर रस. संत एका घडाला हात लावील तर शेजारचा घड ओरडेल, 'मी जास्त चांगला आहे, मला घे, माझ्यासाठी प्रभूला धन्यवाद दे!' चौथ्या शतकात मंडळीचा इतिहासकार युसेबियसने पापियासची अक्कल बेताची ठरवली. मला ते अन्यायाचं वाटतं. आयरेनियसने ही गोष्ट शेवटच्या रात्रीच्या त्या द्राक्षारसाच्या वचनाजवळच ठेवली आहे: राज्यात नवा द्राक्षारस प्यायचा तर प्यायला देह हवा, आणि वेल लावायला पृथ्वी हवी.

जस्टिनही यरुशलेमेतल्या हजार वर्षांवर विश्वास ठेवत होता. पण त्याच वाक्यासोबत तो कबूल करतो की, शुद्ध विश्वासाचे पुष्कळ ख्रिस्ती याहून वेगळं मानतात. ही मोकळीक आजच्या वादांत कमी दिसते. तिसऱ्या शतकातला विद्वान ओरिजेन याने राज्यातलं खाणंपिणं आत्मिक अर्थाने घेतलं. हिप्पोचा बिशप ऑगस्टिन आधी हजार वर्षांच्या बाजूचा होता, नंतर 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या विसाव्या खंडात त्याने ती वर्षं म्हणजे मंडळीचा चालू काळ असं ठरवलं. पश्चिमेकडे पुढे हेच मत रूढ झालं.

ते लोक तारखा सांगत होते का?

काहींनी सांगितल्या आणि त्याची किंमत साध्या माणसांनी मोजली. ख्रिस्ती लेखक हिप्पोलिटस तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला दानिएलावरच्या भाष्यात दोन घटना सांगतो. सीरियातला एक मंडळीप्रमुख बायकामुलांसह बऱ्याच लोकांना ख्रिस्ताला भेटायला रानात घेऊन गेला. ते डोंगरात भटकत राहिले आणि सुभेदार त्यांना दरोडेखोर समजून पकडायच्या बेतात होता. काळ्या समुद्राकाठच्या पंत प्रांतातल्या दुसऱ्या एका मंडळीप्रमुखाला स्वप्नं पडत. वर्षभरात न्याय होईल असं त्याने सांगितलं. लोकांनी शेती सोडली, मालमत्ता विकली. वर्ष सरलं, काही झालं नाही, आणि ज्यांनी सगळं विकलं होतं ते भीक मागताना दिसले. हिप्पोलिटसला त्या भोळ्या लोकांची कळकळ आहे, त्यांच्या पुढाऱ्यांची नाही.

मोबाइलवर 'अमुक ग्रहण, अमुक युद्ध, म्हणून अमुक वर्ष' असा संदेश आला की मला पंतमधली ती माणसं आठवतात.

जगाचा शेवट लवकर यावा अशी त्यांची प्रार्थना होती, की लांबावा अशी?

दोन्ही, आणि एकाच माणसाच्या लेखणीतून. कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन 197 च्या सुमारास रोमन अधिकाऱ्यांपुढे बाजू मांडताना म्हणतो की, आम्ही सम्राटांसाठी आणि शेवट लांबावा म्हणून प्रार्थना करतो. प्रार्थनेवरच्या छोट्या ग्रंथात तोच ख्रिस्ती वाचकांना विचारतो की, 'तुझे राज्य येवो' असं म्हणणारे या युगाला मुदतवाढ कशी मागतात? कुणी याला विसंगती म्हणेल. मला त्यात मंडळीचं खरं मन दिसतं. लोकांना पश्चात्तापाला वेळ मिळावा असंही वाटतं, आणि अन्याय आता पुरे झाला असंही वाटतं.

प्रभू आला नाही. मग निराशा आली नाही का?

प्रश्न त्या काळीही विचारला जात होता. 'त्याच्या येण्याचं वचन कुठे गेलं?' असं हिणवणाऱ्यांना पेत्राचं दुसरं पत्र (3:4-9) उत्तर देतं की, कुणाचाही नाश होऊ नये म्हणून प्रभू धीर धरतोय.

पण मला सर्वांत भिडलेलं उत्तर ओरिजेनचं आहे. लेवीय पुस्तकावरच्या सातव्या प्रवचनात तो 'राज्य येईपर्यंत मी द्राक्षारस पिणार नाही' हे वचन घेतो आणि म्हणतो की, ख्रिस्त अजून प्यायलेला नाही. मी पापात असताना त्याने आनंदाचा प्याला कसा उचलावा? माझ्या पापांसाठी माझा तारणारा आजही शोक करतोय, माझी वाट पाहतोय. प्रेषितही थांबलेत, अब्राहामही थांबलाय. शरीराचा एक अवयव जरी बाहेर राहिला तरी आनंद पुरा होत नाही.

आपण म्हणतो, प्रभूला उशीर होतोय. ओरिजेन म्हणतो, प्रभू पानावर बसलाय आणि आपल्यासाठी थांबलाय.

छळाच्या काळात या भोजनाला काय स्थान होतं?

कार्थेजचा बिशप सिप्रियन 252 च्या सुमारास लिहितो की, जे ख्रिस्तासाठी रक्त सांडायला निघालेत त्यांना ख्रिस्ताच्या रक्ताचा प्याला नाकारून आपण कसं पाठवणार? आधीच्या छळात डळमळलेल्या, पण पश्चात्ताप केलेल्या लोकांना येऊ घातलेल्या नव्या छळापूर्वी पुन्हा सहभागी करून घ्यावं, असा त्याचा आग्रह होता. 304 मध्ये आफ्रिकेतल्या अबिटिनाच्या ख्रिस्ती लोकांना बेकायदा जमल्याबद्दल पकडलं. ज्याच्या घरी ते जमले होते त्या एमेरिटसला विचारलं, तू यांना का येऊ दिलंस? तो म्हणाला, प्रभूच्या भोजनाशिवाय आम्ही राहू शकत नाही.

आणि पर्पेतुआ. बावीस वर्षांची, अंगावर पिणारं मूल, 203 मध्ये कार्थेजच्या तुरुंगात. तिने स्वतः लिहून ठेवलेलं स्वप्न आपल्यापर्यंत आलंय. शस्त्रं लावलेल्या अरुंद शिडीवरून ती चढते, खाली अजगर आहे, त्याच्या डोक्यावर पाय देऊन वर जाते. वर विस्तीर्ण बाग. पांढऱ्या केसांचा उंच माणूस मेंढपाळाच्या वेषात मेंढ्यांचं दूध काढतोय, भोवती पांढऱ्या वस्त्रांतले हजारो. तो म्हणतो, 'बाळ, आलीस, बरं झालं,' आणि दुधाच्या चीजचा तुकडा देतो. ती हात जोडून ओंजळीत घेते, खाते, आणि भोवतालचे सगळे 'आमेन' म्हणतात. त्या आवाजाने ती जागी होते, तेव्हा तोंडात काहीतरी गोड चघळतच असते.

ओंजळीत घेणं आणि 'आमेन' ही मंडळीच्या भोजनातली रीत. स्वर्गाचं स्वप्न पडलं तेही तिला माहीत असलेल्या उपासनेच्या हालचालींत पडलं.

भिंतींवरच्या जुन्या चित्रांत हे दिसतं का?

दिसतं. रोमच्या भुयारी दफनस्थळांत अर्धगोल आसनावर बसलेल्या माणसांची, भाकरी, मासे आणि प्याल्यांची चित्रं आहेत. मार्सेलिनस आणि पीटर यांच्या दफनस्थळात तर वाढणाऱ्या बायकांना उद्देशून शब्द रंगवलेत: 'आयरीनी, गरम पाणी दे', 'अगापे, द्राक्षारस मिसळ'. या नावांचे अर्थ शांती आणि प्रीती. हे मृतांच्या स्मरणाचं जेवण, स्वर्गातली मेजवानी की प्रभुभोजन, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. थडग्यापाशी बसून ते रंगवणाऱ्या कुटुंबाने यातलं एकच निवडलं असेल असं मला वाटत नाही.

रविवारीच का? आणि उभं राहून प्रार्थना का करत?

रविवार हा त्यांचा आठवा दिवस होता. बर्नबाच्या नावाने ओळखलं जाणारं पत्र त्याला दुसऱ्या जगाची सुरुवात म्हणतं. त्या दिवशी गुडघे टेकायचे नाहीत अशी रीत टर्टुलियन सांगतो, आणि 325 च्या नायसिया इथल्या बिशपांच्या परिषदेने विसाव्या नियमात तीच ठरवून दिली. चौथ्या शतकात बिशप बेसिल कारण देतो: आपण ख्रिस्ताबरोबर उठलो आहोत, आणि हा दिवस येणाऱ्या युगाची प्रतिमा आहे.

आजच्या उपासनेत यातलं काय उरलंय?

दिसतं त्यापेक्षा जास्त. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या मिस्साविधीत भाकर-प्याला उंचावल्यावर लोक ख्रिस्ताचं मरण, पुनरुत्थान आणि पुनरागमन मोठ्याने जाहीर करतात. वसईतल्या मराठी मिस्सात ते दर रविवारी ऐकू येतं. प्रोटेस्टंट मंडळ्यांत करिंथचा अकरावा अध्याय वाचतात, 'तो येईपर्यंत' यासह. कल्याणच्या सिरो-मलबार (केरळातल्या सीरियन परंपरेच्या कॅथलिक) महाधर्मप्रांतातल्या मल्याळी कुटुंबांच्या कुर्बानात, म्हणजे त्यांच्या मिस्सात, अदाई आणि मारी यांची प्राचीन प्रार्थना वापरली जाते, आणि तिच्यात हे अर्पण मृतांच्या पुनरुत्थानाची मोठी आशा आणि स्वर्गाच्या राज्यातलं नवं जीवन देवो असं मागितलं जातं. मुंबई-पुण्यात कुणी शेजारी असेल तर एकदा जाऊन ऐका.

शेवट इतका जवळचा वाटत होता, तर गरिबांसाठी वर्गणी कशाला काढत?

जस्टिनच्या वर्णनात उत्तर आहे. रविवारी वाचन, प्रवचन, प्रार्थना, मग भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस. सगळ्यांना वाटप झालं की डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, ते अनुपस्थित माणसांच्या घरी पोचवतात. ज्यांच्याकडे आहे ते खुशीने देतात आणि जमलेलं प्रमुखाकडे ठेवलं जातं. त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि गावात आलेले परके यांची सोय होते. डिडाखेचा चौथा अध्याय कारण देतो: जे नाशवंत नाही त्यात तुम्ही भागीदार असाल, तर नाशवंतात किती अधिक असायला हवं.

वाचायला सुरुवात कुठून करू?

करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय सतराव्या ओवीपासून वाचा. मग डिडाखेचे 9, 10, 14 आणि 16 हे अध्याय. चौदावा यासाठी की, ज्यांचं भांडण आहे त्यांनी समेट केल्याशिवाय भोजनाला येऊ नये असं तिथे लिहिलंय. त्यानंतर जस्टिनच्या पहिल्या बचावपत्रातले 65 ते 67, आणि पर्पेतुआची तुरुंगातली नोंद. आयरेनियसचा पाचवा खंड जड आहे, घाई करू नका. प्रकटीकरणाचं पुस्तक हे सगळं झाल्यावर उघडा, आणि तेही एकोणिसाव्या अध्यायातल्या कोकऱ्याच्या लग्नाच्या भोजनापासून.